एका तासाचा नमुना

विकाऊ वस्तूंचे दोन वर्ग अर्थशास्त्रज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० साली सांगितले. काही वस्तूंचे गुणावगुण विकत घेण्यापूर्वी पाहून, मोजून वा चौकशी करून समजतात. काहींची पारख मात्र प्रत्यक्ष वापरल्यावाचून, म्हणजे पुष्कळदा पैसे देऊन झाल्यावरच, होते. या दुसऱ्या वर्गाला त्यांनी अनुभवाच्या वस्तू म्हटले. पुस्तक, नाटक या तशा वस्तू होत. आणि संगणकावरील खेळ हा तर त्या वर्गाचा उत्तम प्रतिनिधी, कारण त्याची चित्रे कितीही पाहिली, त्याची वर्णने कितीही वाचली, तरी तो आपल्या हाताला कसा लागेल हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. म्हणून या धंद्यात फार आधीपासून खेळाचा एक लहान भाग फुकट देण्याची चाल पडली, आणि त्या भागाला जगभर ‘डेमो’ हे नाव मिळाले.

एकट्याने खेळावयाच्या खेळाच्या बाबतीत ही चाल समजण्यास सोपी आहे. कापडाच्या दुकानात ताग्यातून कापून दिलेल्या चार बोटे रुंदीच्या तुकड्यावरून सबंध ताग्याची पारख करता येते, कारण दोहोंचे सूत एकच असते. परंतु ज्या खेळात आपल्या बाजूला आणि आपल्याविरुद्ध दुसरी हाडामांसाची माणसे, कुठल्या तरी दूरच्या शहरातून, त्याच क्षणी खेळत असतात, त्या खेळाचे मुख्य द्रव्य कंपनीने लिहिलेला प्रोग्राम हे नसून सर्व्हरवर हजर असलेला जनसमुदाय हे असते. त्या समुदायाचा तुकडा कापून देता येत नाही. तो एक तर असतो किंवा नसतो. नितांत सुंदर रचलेले मैदान असावे, हत्यारे अचूक असावीत, नियम न्याय्य असावेत, आणि प्रतिस्पर्ध्याची वाट पाहत खेळाडू दहा मिनिटे लॉबीत, म्हणजे सामन्याआधीच्या प्रतीक्षादालनात, ताटकळत राहावा, असे झाले तर त्या खेळाचा डेमो त्याची निंदाच करील.

असा खेळ अर्ध्या-एक तासाच्या फुकट डेमोने विकला जाऊ शकतो काय, हा या प्रकरणाचा विषय आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र तो होकार काही शर्तींवर अवलंबून आहे, आणि त्या शर्तींचे भान डेमो देणाऱ्या कंपन्यांपैकी थोड्यांनाच राहिले, असे गेल्या तीस वर्षांचे दप्तर चाळल्यावर दिसून येते.

या दप्तराचे पहिले महत्त्वाचे पान १० डिसेंबर १९९३ या तारखेचे आहे. टेक्सास राज्यातील इड सॉफ्टवेअर या मूठभर माणसांच्या कंपनीने त्या दिवशी ‘डूम’ नावाचा खेळ विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर ठेवला. ठेवला असे म्हणणे सोपे, पण प्रत्यक्षात तो ठेवणेच कठीण झाले होते. कारण खेळ उतरवून घेण्यासाठी टपून बसलेल्यांनी त्या सर्व्हरवरच्या सगळ्या जागा आधीच अडवल्या होत्या, आणि खुद्द कंपनीच्या माणसाला आपली फाइल चढविण्यासाठी आत शिरता येईना. खेळाचे एकूण तीन भाग होते. त्यांतला नऊ मैदानांचा पहिला भाग पूर्णपणे फुकट. तो मित्राला नकलून देण्याची मुभा होती, नव्हे, तसा तो द्यावा अशीच अपेक्षा होती. उरलेले दोन भाग हवे असतील तर पैसे पाठवून टपालाने मागवावयाचे. या पद्धतीला शेअरवेअर म्हणत, आणि स्कॉट मिलर यांच्या अपोजी या कंपनीने ती १९८७ पासूनच खेळांच्या विक्रीत रुळवली होती. ‘डूम’ने तिच्यात एका गोष्टीची भर घातली, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच निर्णायक ठरली: या फुकट भागातच चार माणसांना आपापल्या संगणकांवरून, स्थानिक नेटवर्कच्या तारेने जोडून, एकमेकांविरुद्ध खेळता येत असे.

याचा परिणाम काय झाला तो पाहण्यासारखा आहे. कचेरीतील वा वसतिगृहातील एकाने खेळ आणला की त्याला लगेच आणखी तिघांची निकड भासे. ते तिघे शेजारच्याच मेजांवर बसलेले असत. आणि चौघे खेळू लागले की त्यांच्या पाठीमागे उभे राहून पाहणारा पाचवा आपली पाळी केव्हा येते याची वाट पाहू लागे. नमुन्याने आपला जनसमुदाय आपणच गोळा केला. पहिल्या आवृत्तीची संदेश पाठविण्याची रीत अशी बेहिशेबी होती की चौघांच्या झटापटीचा भार नेटवर्कवरील प्रत्येक यंत्रावर पडे, आणि त्यामुळे कित्येक विद्यापीठांच्या व कचेऱ्यांच्या व्यवस्थापकांना कामाच्या वेळी हा खेळ खेळण्यास मनाई करणारे हुकूम काढावे लागले. एखाद्या खेळाचा फुकट भाग इतका पसरावा की त्याच्या बंदोबस्तासाठी लेखी आज्ञा काढाव्या लागाव्यात, याहून मोठी जाहिरात कोणती? तथापि येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ‘डूम’च्या डेमोला खेळगडी शोधावे लागले नाहीत, ते त्याच इमारतीत होते. पुढे इंटरनेटवर खेळले जाणारे खेळ आले तेव्हा ही अनुकूलता नाहीशी झाली, आणि डेमो पूर्वीप्रमाणेच देत राहिलेल्या अनेकांच्या ध्यानात तो बदल आला नाही.

जुन्या काळातली दुसरी एक तरतूद सांगितली पाहिजे, कारण माझ्या मते डेमोच्या साऱ्या इतिहासात तिच्याइतकी शहाणी योजना झालेली नाही. ब्लिझर्ड या कंपनीने १९९८ साली ‘स्टारक्राफ्ट’ प्रसिद्ध केला. त्याची एक सीडी विकत घेणाऱ्यास आणखी काही संगणकांवर त्या खेळाची एक मर्यादित प्रत बसविण्याची परवानगी असे, आणि अशा रीतीने एका सीडीवर आठ जणांपर्यंत एकत्र खेळता येत असे. मर्यादित प्रतीत एकट्याने खेळावयाची मोहीम खुली होत नसे. मालक-मित्राच्या संगतीत सामना खेळावा, एवढेच तिचे प्रयोजन. म्हणजे ज्याच्याकडे खेळ आहे तोच विक्रेता, त्याची बैठकीची खोली हेच दुकान, आणि डेमो हाती येतो तो त्याच्याच आग्रहाने. ज्याला अशा एखाद्या संध्याकाळनंतर पुन्हा खेळावेसे वाटेल, परंतु मित्र घरी नसेल, त्याला आपली स्वतंत्र सीडी घेण्यावाचून गत्यंतर नसे.

इंटरनेटच्या पहिल्या भरभराटीत जे डेमो निघाले त्यांत हा विचार दिसत नाही. १९९९ साली ‘अनरिअल टूर्नामेंट’चा डेमो आला, त्यात मोजकी मैदाने होती, पण खेळण्याला मुदत नव्हती. २००२ साली ‘बॅटलफील्ड १९४२’चा डेमो आला, त्यात प्रशांत महासागरातील वेक बेटाचे एकच मैदान होते, आणि तेथेही कितीही वेळ खेळावे. हे दोन्ही खेळ चांगले खपले, यात शंका नाही. पण या डेमोंच्या सर्व्हरवर अशी मंडळी वर्षानुवर्षे रमली की ज्यांना पूर्ण खेळ घेण्याची गरजच भासली नाही. वेक बेटावर विमाने आहेत, रणगाडे आहेत, जहाजे आहेत, दोन्ही पक्षांना पुरेशी माणसे आहेत. मग दुसऱ्या मैदानांसाठी पैसे कशाला मोजावयाचे? बुद्धिबळाचा पट एकच असतो म्हणून कोणी बुद्धिबळाला कंटाळत नाही. माणसांविरुद्ध खेळल्या जाणाऱ्या खेळात नावीन्य मैदानाकडून यावयाचे नसून प्रतिस्पर्ध्याकडून यावयाचे असते, सबब मैदानांची संख्या तोडून केलेला डेमो हा पुष्कळांच्या दृष्टीने संपूर्ण खेळच ठरतो. शिवाय फुकट खेळणारे एका सर्व्हरवर आणि पैसे दिलेले दुसऱ्यावर, अशी समुदायाची फाळणी होते ती निराळीच.

अमेरिकेतील खेळरचनाकार व अध्यापक जेसी शेल यांनी २०१३ साली एका व्याख्यानात एक्सबॉक्स ३६० या यंत्रावरील खेळांच्या विक्रीचे आकडे मांडून असे दाखविले होते की ज्या खेळांची केवळ चित्रफीत प्रसिद्ध झाली आणि डेमो निघाला नाही ते, चित्रफीत व डेमो दोन्ही निघालेल्या खेळांपेक्षा, जवळजवळ दुपटीने खपले. या आकड्यांनी त्या काळी पुष्कळ खळबळ उडाली आणि डेमो हा तोट्याचा व्यवहार होय असे मत रूढ झाले. मला ते निदान अपुरे वाटते. ज्या खेळाविषयी लोकांत आधीच प्रचंड उत्कंठा आहे त्याला डेमो काढण्याची गरज नसते, आणि ज्याच्याविषयी कंपनीलाच धाकधूक आहे त्याचा डेमो ती काढून पाहते; तेव्हा विक्रीतील तफावत डेमोने निर्माण केली की डेमोच्या आधीपासूनच होती, याचा निवाडा एवढ्याने होत नाही. मात्र शेल यांच्या म्हणण्यात एक मर्म आहे आणि ते मान्य केलेच पाहिजे: चित्रफीत इच्छा चेतवते, डेमो ती काही अंशी शांत करतो. मुदतीवाचून दिलेला डेमो तर ती पुरतीच शांत करू शकतो.

मुदत! या प्रश्नाची किल्ली मला येथे दिसते, आणि ती निन्टेन्डो या जपानी कंपनीने २०१५ च्या मे महिन्यात ज्या कौशल्याने फिरविली त्याचा तपशील जरा विस्ताराने दिल्यावाचून राहवत नाही.

‘स्प्लाटून’ हा त्या वेळी सर्वस्वी अपरिचित खेळ होता. त्यात पूर्वीच्या कोणत्याही लोकप्रिय खेळातील पात्र नव्हते, आणि ज्या प्रकारच्या खेळात माणसे ऑनलाइन एकमेकांवर नेम धरतात त्या प्रकारात निन्टेन्डोची काहीही ख्याती नव्हती. ज्या यंत्रावर तो चालावयाचा ते वी यू हे यंत्रही बाजारात मागे पडलेले. खेळाची कल्पना अशी: चार विरुद्ध चार खेळाडू, रंगाच्या पिचकाऱ्या, रोलर आणि तत्सम हत्यारे, प्रतिपक्षाला हरवण्यापेक्षा जमीन आपल्या रंगाने माखणे महत्त्वाचे, सामना बरोबर तीन मिनिटांचा. वाचून ही कल्पना बालिश वाटेल. ती तशी नाही, हे केवळ खेळूनच कळण्याजोगे होते, म्हणजे नेल्सन यांच्या परिभाषेतली ही शुद्ध अनुभवाची वस्तू.

कंपनीने एक डेमो फुकट उतरवून घेण्यासाठी खुला केला, पण त्यातील सामने केवळ तीन ठरावीक वेळी, प्रत्येकी एकच तास, सुरू राहतील असे जाहीर केले. जगभर एकच क्षण धरल्यामुळे जपानात त्या वेळा ९ मे रोजी दुपारी बाराला, रात्री आठला आणि त्यानंतरच्या पहाटे चारला आल्या. त्या तासाच्या बाहेर यंत्र चालू करून काही उपयोग नव्हता, सामन्याचे दार बंद असे. ठरल्या वेळी दार उघडले की लॉबीतील आठ रिकाम्या चौकटी पाहता पाहता भरत. हत्यार निवडावे, मैदानात उतरावे, आपल्या रंगात बुडी मारून झपाट्याने पुढे सरकावे, प्रतिपक्षाच्या रंगात पाय अडकून धडपडावे. शेवटचे मिनिट उरले की संगीताची लय चढे. आणि वेळ संपताच मैदानाचे आकाशातून दिसणारे चित्र समोर येऊन एक गुबगुबीत मांजर झेंडा उंचावून कोणाच्या रंगाची टक्केवारी अधिक याचा निवाडा देई. सामने आणि मधली प्रतीक्षा धरता तासाभरात फार तर पंधराएक सामने व्हावेत. हात नुकता बसू लागतो, हरलेल्याला परतफेड करावीशी वाटू लागते, आणि तास संपतो. मागणी इतकी झाली की त्याच महिन्याच्या उत्तरार्धात आणखी एक तास देण्यात आला.

या योजनेने एकाच वेळी अनेक कामे साधली. जगात जितके म्हणून जिज्ञासू होते ते आठवडाभर विखुरले न जाता एका तासात एकवटले, त्यामुळे रिकामी लॉबी कोणाच्या वाट्याला आली नाही. खेळाचा एक पूर्ण घटक, म्हणजे आरंभ, मध्य आणि निर्णय असलेला सामना, पुनःपुन्हा अनुभवास आला. काहीही अर्धवट तोडलेले नव्हते. सर्व्हरवर पडणाऱ्या खऱ्या भाराची परीक्षा झाली. आणि तृप्तीच्या आधीच पडदा पडल्याने शेल यांनी दाखविलेला दोष उद्भवला नाही. मे महिना संपण्यापूर्वीच पूर्ण खेळ विक्रीस आला. वी यू हे यंत्र त्याच्या सबंध कारकिर्दीत सुमारे १ कोटी ३५ लाख खपले. ‘स्प्लाटून’ त्यावर ४९ लाखांहून अधिक खपला. हे सारे श्रेय त्या चार तासांचे आहे असा दावा मी करणार नाही, कारण खेळ मुळातच उत्कृष्ट होता. पण तो उत्कृष्ट आहे हे इतक्या थोड्या वेळात इतक्यांना पटविण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही. निन्टेन्डोलाही तो दिसला नसावा, कारण २०१७ साली दुसऱ्या भागाच्या आधी तिने पुन्हा तासातासांचीच सत्रे ठेवली.

आता याच्या उलट बाजूकडे वळू. डेमो ही सत्यकथनाची गोष्ट आहे, आणि सत्य नेहमीच विक्रेत्याच्या सोयीचे नसते. ब्लिझर्डच्या ‘ओव्हरवॉच’ची खुली चाचणी २०१६ च्या मे महिन्यात पाच-सहा दिवस चालली, तीत खेळातली सर्व २१ पात्रे खुली होती, काहीही राखून ठेवले नव्हते, ९७ लाख लोकांनी ती खेळून पाहिली, आणि महिनाअखेर खेळ विक्रीस येताच दहा दिवसांच्या आत खेळाडूंची संख्या ७० लाखांवर गेली. आठ वर्षांनी सोनी या कंपनीने ‘कॉनकॉर्ड’ हा त्याच जातकुळीचा, पाच विरुद्ध पाच खेळाडूंचा खेळ ४० डॉलरना विक्रीस काढला. त्याचीही चाचणी आधी झाली: २०२४ च्या जुलैत एक सप्ताहान्त आगाऊ मागणी नोंदवणाऱ्यांसाठी व सोनीच्या वर्गणीदारांसाठी, आणि दुसरा सर्वांसाठी खुला. स्टीम या विक्रीमंचावर त्या फुकट चाचणीत एका वेळी खेळणाऱ्यांची कमाल संख्या २,३८८ एवढीच भरली. २३ ऑगस्टला खेळ विक्रीस आला तेव्हा तेथील कमाल ६९७ झाली. ६ सप्टेंबरला, म्हणजे अवघ्या चौदा दिवसांनी, तो बंद करण्यात आला, ग्राहकांचे पैसे परत करण्यात आले, आणि ऑक्टोबरात तो घडविणारा फायरवॉक हा स्टुडिओही बंद झाला.

‘कॉनकॉर्ड’ला डेमोने बुडविले असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु या प्रकरणात एक नवी गोष्ट आहे, जी ‘डूम’च्या काळी नव्हती. स्टीमवर कोणता खेळ या क्षणी किती लोक खेळत आहेत हा आकडा कोणालाही पाहता येतो. त्यामुळे ऑनलाइन खेळाचा खुला डेमो हा आता केवळ नमुना राहिला नसून ती एक जाहीर खानेसुमारी झाली आहे. मोजणीत गर्दी दिसली की गर्दीकडे लोक धावतात. मोजणीत शुकशुकाट दिसला तर ज्याला खेळ आवडलेला आहे तोही मनाशी म्हणतो, की मी पैसे भरले तरी मला खेळगडी कोण मिळणार? आणि त्याचा तो तर्क बरोबर असतो. टेलिफोनसारख्या सेवांची मागणी एकमेकांवर कशी अवलंबून असते याचे गणित जेफ्री रोल्फ्स यांनी १९७४ साली मांडले; टेलिफोन एकाच घरात असेल तर तो निरुपयोगी, आणि वर्गणीदारांची संख्या एका किमान मर्यादेपलीकडे गेली तरच सेवा स्वतःच्या बळावर वाढते, एरवी ती मागे ओसरत जाते, हा त्याचा आशय. ऑनलाइन खेळाला हे गणित शब्दशः लागू पडते. रोल्फ्स यांनीच आरंभी काहींना सेवा फुकट वा स्वस्त देऊन ती मर्यादा गाठण्याचा विचार केला होता. २०१५ च्या जुलैत ‘रॉकेट लीग’ प्लेस्टेशनच्या वर्गणीदारांना महिनाभर फुकट दिला गेला तेव्हा नेमके हेच साधले गेले, आणि मोटारींनी चेंडू ढकलण्याचा तो अनोळखी खेळ पहिल्या दिवसापासून माणसांनी गजबजला.

येथवर ज्या खेळांचा विचार केला त्यांचा आनंद एका सामन्यात मावणारा होता. ज्यांचा आनंद महिनोन्‌महिने साचत जातो, जेथे माणूस एका विशाल काल्पनिक देशाचा रहिवासी होतो, तेथे एक तासाचा डेमो सर्वथा निरर्थक आहे. तो केवळ वेशीवरची धूळ दाखवील. ‘फायनल फँटसी १४’ या जपानी खेळाच्या चालकांनी हे ओळखले. हा खेळ २०१० साली प्रथम आला तेव्हा सपशेल फसला होता, आणि नव्याने रचून २०१३ साली पुन्हा आणावा लागला. त्याच्या फुकट चाचणीची मर्यादा २०२० च्या ऑगस्टमध्ये ६० व्या पातळीपर्यंत वाढविण्यात आली आणि काळाचे बंधन मुळीच ठेवले नाही. मूळ खेळ आणि त्याचे पहिले विस्तारपर्व, म्हणजे शेकडो तासांचा ऐवज, विनामूल्य झाला. २०२३ साली त्यात दुसरे विस्तारपर्वही घालण्यात आले.

मग पैसे कशासाठी द्यावयाचे? तर माणसांसाठी. फुकट रहिवाशाला कथा संपूर्ण आहे, प्रवास मोकळा आहे, पण बाजारपेठेत खरेदीविक्री करता येत नाही, संघटनेत दाखल होता येत नाही, स्वतः टोळी जमविता येत नाही, कोणाला खाजगी निरोप पाठविता येत नाही, आणि तीन लाखांहून अधिक नाणी गाठीशी ठेवता येत नाहीत. म्हणजे मैदाने तोडली नाहीत, वेळ तोडला नाही. तोडला तो सहवास. माणूस त्या देशात पुरता रुजला, ओळखीपाळखी झाल्या, आणि मग एके दिवशी कोणाला हाक मारावीशी वाटली की कुंपण जाणवते. ही योजना इतकी यशस्वी झाली की २०२१ च्या डिसेंबरात नवे विस्तारपर्व आले तेव्हा सर्व्हरना गर्दी आवरेना, आणि कंपनीला खेळाची विक्री व फुकट चाचणी दोन्ही काही आठवडे थांबवावी लागली.

आपल्याकडच्या वाचकाला या चर्चेत काहीसे परकेपण वाटणे स्वाभाविक आहे. येथील बहुसंख्य खेळाडू मोबाइलवर खेळतात, आणि २०१८ साली आलेल्या ‘पब्जी मोबाइल’पासून पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने २०२४ साली काढलेल्या ‘इंडस’पर्यंत त्यांचे खेळ मुळातच फुकट असतात, तेथे पैसे द्यावयाचे ते पोशाखांचे आणि अलंकारांचे. त्याआधीच्या पिढीने पुण्यामुंबईच्या सायबर कॅफेत तासाच्या भाड्याने ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळलेले असते. ४० डॉलर म्हणजे तीन हजारांवर रुपये; एवढी रक्कम न खेळलेल्या खेळावर लावण्यास येथला विद्यार्थी धजावत नाही, यात त्याचे काही चुकत नाही. स्टीमवर २०१५ पासून एक सवलत आहे, की खरेदीपासून चौदा दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळून झाले असल्यास पैसे परत मागता येतात. पण आधी रक्कम हाती असावी लागते, म्हणून फुकट डेमोची जागा ती घेऊ शकत नाही.

या सगळ्या प्रयोगांत मला सर्वाधिक भावणारा प्रयोग हा जुन्या ‘स्टारक्राफ्ट’च्या तरतुदीचाच वंशज आहे. स्वीडनमधील हेझलाइट या स्टुडिओचे प्रमुख जोसेफ फारेस यांनी २०२१ साली ‘इट टेक्स टू’ काढला. दोघांनीच खेळावयाचा हा खेळ एकाने विकत घेतला की दुसऱ्याने तो पूर्णपणे फुकट उतरवून घ्यावा आणि त्याच्यासोबत आरंभापासून अखेरपर्यंत खेळावा. अर्धे ग्राहक कायमचे गमावणारी ही योजना आतबट्ट्याची वाटते खरी, पण खेळ दोन कोटींच्या पुढे खपला. ज्याला सोबती मिळाला नसता तो खेळ घेतच नव्हता, तेव्हा त्याच्यापुरते कंपनीने काहीच गमावले नाही. आणि ज्याने मित्राच्या बोलावण्यावरून तो पुरा केला, तो पुढच्या वेळी स्वतः कोणाला तरी बोलावण्यासाठी विकत घेण्याचा संभव मोठा. त्या स्टुडिओच्या पुढच्या खेळाच्या, म्हणजे २०२५ च्या ‘स्प्लिट फिक्शन’च्या, २० लाख प्रती पहिल्याच आठवड्यात खपल्या.

पुण्यात, मुंबईत, अन्यत्र जी तरुण मंडळी तीन-चार जणांच्या बळावर आपला पहिला ऑनलाइन खेळ घडवीत असतील, त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. स्टीमच्या मोठ्या डेमो-उत्सवांत हजारो खेळांच्या गर्दीत आपला डेमो आठवडाभर उघडा टाकून त्याच्या रिकाम्या लॉबीचे प्रदर्शन मांडू नये. खेळाचा एक सामना निर्दोष करावा; एखादा शनिवार ठरवून संध्याकाळी आठ ते नऊ एवढाच वेळ तो खुला ठेवावा; ही वेळ महिनाभर आधीपासून सांगत राहावी; आणि ज्याला डेमो द्याल त्याच्याबरोबर त्याच्या एका मित्रासाठीही एक प्रत द्यावी. त्या तासात लॉबी भरली नाही, तर विक्रीची तारीख पुढे ढकलावी.